अर्थ लागत नाही

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो,
इंडिकेटर दिला की रेडिओ खाकरतो,
आणि हेडलाइट लावले तर वायपर
अर्ध्या काचेपर्यंत येऊन
काहीतरी विसरल्यासारखा परत जातो.
सकाळी बॅटरी गार.

शहाऐंशी सालचा पिकअप. सस्कॅचवान.
बाहेर उणे एकोणतीस, शेडमध्ये उणे अकरा,
कारण शेडच्या हीटरचा पंखा
तातोंनी मागच्या वर्षी पिकअपमध्ये बसवला.

मी डॅशबोर्डखाली उताणी,
बूट दाराबाहेर हवेत.
तातोंच्या हातात टॉर्च.
उजेड सगळीकडे आहे, मी बघतेय तिथे सोडून.
नऊ वर्षांची होते तेव्हा इथेच
मी टॉर्च धरायचे आणि ते ओरडायचे,
"मी कुठं बघतोय ते बघ!"
आता मी ओरडत नाही.
म्हणजे, दोनदाच ओरडले.

डॅशच्या पोटात सगळ्याच वायरी हिरव्या.
दिव्याची हिरवी, हॉर्नची हिरवी, त्या पंख्याचीही हिरवी.
"त्र्याण्णव साली को-ऑपमध्ये सेल होता," तातो म्हणतात,
"अख्खं रीळ चार डॉलरला."
जोड कुठे हॉकीच्या टेपचा,
कुठे नुसताच पीळ, देवावर हवाला.
एका जळक्या फ्यूजभोवती च्युइंगमची चांदी.
एक तुकडा मात्र ओळखीचा निघाला,
तपकिरी, सुती विणीचा,
आईच्या शिलाई मशीनच्या पेडलचा.
तो कापला नाही. वळसा घालून पुढे गेले.

निगेटिव्हची केबल सोडवून मध्ये टेस्ट लॅम्प लावला.
सगळं बंद असतानाही तो पेटला,
म्हणजे कुणीतरी गुपचूप पितंय.
एकेक फ्यूज उपसत गेले.
सातवा काढला आणि लॅम्प विझला.
सातव्यावर काय काय चालतं ते लिहिलेलं झाकण
मायरनच्या कुत्र्याने कधीच खाल्लंय.

शेवटी ग्लोव्ह बॉक्स. खिटी तुटलेली,
बोटभर फट, आत गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब
रात्रंदिवस जळत,
जुन्या पावत्या, आईचे हातमोजे,
एक चिकटलेली पेपरमिंट उबवत.

"रात्री स्वयंपाकघरातून दिसायचं मला," तातो म्हणाले.
"कधीपासून?"
"असेल. नोव्हेंबर."
"मग बोलला का नाहीत?"
त्यांनी टॉर्च बंद केली, पुन्हा लावली.

उरलं वायपरचं वेड.
तीन तास मला त्याचा अर्थ लागेना,
मग इंजिनामागे हात घातला, तर
खरंच, अर्थच लागत नव्हता:
इंजिनापासून बॉडीपर्यंतची तांब्याची वेणी
रस्त्यावरचं मीठ खाऊन पिठासारखी झालेली,
बोट लावताच गळून पडली.
परतीला निघालेली वीज बिचारी करणार काय?
सरळ वाट खचलेली, म्हणून ती
रेडिओच्या ओसरीवरून, इंडिकेटरच्या माजघरातून,
वायपरच्या परसातून,
"जरा जाऊ द्या हं" म्हणत निघायची,
आणि जाता जाता प्रत्येकाला हलवून जायची.

पत्रा घासून उजळ केला,
नवी पट्टी, दातेरी वॉशर, ग्रीस, सतराचा पाना.
किल्ली फिरवली.
वायपर शहाण्यासारखा पूर्ण काच पुसून गेला.
डावीकडे वळताना हॉर्न अजून वाजतो,
एवढासाच, पिं.
"राहू दे," तातो म्हणाले,
"मायरनला कळतं मी आलोय ते."

बल्ब काढून मी खिशात ठेवला होता.
रात्री भांडी विसळताना पाहिलं,
तातो खिडकीशी उभे, हातात कप,
अंगणात पिकअप, सगळा काळा.
चहा कधीच निवलेला असणार.

उद्या त्या बल्बाला वेगळा स्विच लावीन,
इथे, सिंकच्या वर.
वायर लांब लागेल.
हिरवी आहे बरीच.